बाळाचं खाणं आणि मेंदू: जन्मापासून दोन वर्षांपर्यंत, पायरीपायरीने

आधीच सांगून टाकते, मेंदूसाठी म्हणून वेगळं असं कुठलंही खाणं नसतं. डब्यावर चष्मा लावलेल्या हुशार बाळाचा फोटो असतो, खाली 'ब्रेन' लिहिलेलं असतं आणि आपण रात्री दोन वाजता बाळ मांडीवर घेऊन एका हाताने फोनवर तेच शोधत बसलेलो असतो. मी पण बसलेय. पुष्कळ वाचलं, डॉक्टरांचं डोकं खाल्लं, आणि शेवटी लक्षात आलं की खरा घोळ दोनच ठिकाणी होतो. एक, सहा महिन्यांनंतरचं लोह. दोन, भरवणाऱ्याचं लक्ष. बाकीचं बरंचसं आपण नीट करत असतोच, उगाच टेन्शन घेतो. म्हणून खाली या दोन गोष्टींवर जास्त लिहिलंय आणि बाकीचं भराभर उरकलंय.

आधी मेंदूचं थोडं, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल

जन्मताना बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटिमीटर असतो आणि वर्षाचं होईपर्यंत ४५-४६ च्या आसपास जातो, म्हणजे एका वर्षात ११-१२ सेंटिमीटर, आणि त्यानंतर आयुष्यभर मिळून तेवढं वाढत नाही. आतला मेंदू पहिल्या वर्षात आकाराने जवळजवळ दुप्पट होतो. बाळ नुसतं पडून असतं तेव्हाही अंगातली निम्म्याहून जास्त ऊर्जा एकटा मेंदू खातो, आपल्या मोठ्यांमध्ये हे प्रमाण साधारण एक पंचमांश असतं. त्यामुळे 'एवढंसं तर आहे, त्याला कितीसं लागणार' हे म्हणणंच चुकीचं आहे.

मेंदूच्या पेशी बहुतेक सगळ्या जन्माआधीच तयार झालेल्या असतात. जन्मानंतर चालतं ते वायरिंगचं काम. पेशी एकमेकींना जोडल्या जातात, ज्या जोडण्या वापरात येतात त्या पक्क्या होतात आणि ज्या वापरल्या जात नाहीत त्या छाटल्या जातात. या वायरींवर एक स्निग्ध आवरण चढतं, त्याला मायलिन म्हणतात, ते चढलं की संदेश खूप वेगाने पळतात. हे आवरण बनवणाऱ्या पेशींना लोह लागतं, आवरण नीट राहायला व्हिटॅमिन बी१२ लागतं, त्यात स्निग्ध पदार्थ लागतात, आणि मेंदूची वाढ वेळेवर व्हायला थायरॉइडचं हार्मोन लागतं जे आयोडीनशिवाय बनत नाही. एवढं डोक्यात ठेवा, खाली हीच नावं परत परत येणार आहेत.

पायरी १: पहिला तास आणि पहिले काही आठवडे

डिलिव्हरीच्या आधीच डॉक्टरांशी एक गोष्ट बोलून ठेवा, नाळ लगेच कापायची की थोडी थांबून. बाळ ठीक असेल तर एक ते तीन मिनिटं थांबून कापावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण तेवढ्या वेळात नाळेतलं रक्त बाळाकडे जातं आणि त्या रक्तातलं लोह पुढचे काही महिने पुरतं. फुकटातलं लोह आहे हे, आणि बहुतेक जणींना याबद्दल नंतर कळतं.

जमलं तर पहिल्या तासातच बाळाला छातीवर घ्या, अंगाला अंग लागू द्या, पाजा. सुरुवातीचं पिवळसर घट्ट चिकाचं दूध अगदी थोडं येतं आणि तेवढंच लागतं, 'दूध उतरतच नाहीये' म्हणून घाबरून जाऊ नका, ते दोन ते पाच दिवसांत वाढतं. सिझेरियन झालं असेल तर थोडा उशीर होऊ शकतो.

पहिले आठवडे २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं. घड्याळ लावून बसायची गरज नाही, बाळाकडे बघा. तोंड इकडेतिकडे वळवतंय, ओठ चाटतंय, हात तोंडात घालतंय म्हणजे भूक लागली. रडणं ही भुकेची शेवटची खूण असते, तोवर ते वैतागलेलं असतं आणि मग नीट धरत पण नाही.

धरणं नीट आहे का ते बघायला: तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि नुसतं निप्पल नाही तर भोवतीचा काळपट भाग पण बराचसा तोंडात. चटचट आवाज येतोय किंवा तुम्हाला पूर्ण वेळ दुखतंय तर कडेने बोट घालून सोडवा आणि परत लावा. दहा वेळा करावं लागलं तरी चालेल. नाहीच जमलं तर पहिल्या आठवड्यातच स्तनपान समुपदेशक किंवा नर्सला दाखवा, महिनाभर दात ओठ खाऊन सहन करू नका.

पुरतंय का हे कसं ओळखायचं? पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा भरपूर शू, काळी शी जाऊन पिवळी आलेली, आणि वजन. सुरुवातीला वजन थोडं उतरतं, जन्माच्या वजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंत, आणि दोन आठवड्यांत परत जागेवर यायला हवं. नाही आलं तर डॉक्टर. रडणं, झोप न येणं, छाती मऊ लागणं यावरून दूध कमी आहे असं ठरवू नका.

सहा महिने फक्त दूध. पाणी पण नाही, उन्हाळ्यात पण नाही, दुधातच पुरेसं पाणी असतं. डॉक्टरांनी दिलेली औषधं चालतात, व्हिटॅमिन डी चे ड्रॉप्स तर बहुतेक बाळांना पहिल्या दिवसांपासूनच देतात, रोज ४०० युनिट, कारण अंगावरच्या दुधात ते फारच कमी असतं.

पायरी २: आईचं ताट

हे कोणी सांगत नाही म्हणून वेगळं लिहितेय. दुधातल्या काही गोष्टी आईने काय खाल्लं यावर अवलंबून असतात आणि काही नसतात. कॅल्शियम आणि लोह आईच्या अंगात कमी असलं तरी दुधात साधारण तेवढंच उतरतं, त्याचा फटका आईला बसतो. पण बी१२, आयोडीन आणि डीएचए नावाचं ओमेगा-३ स्निग्ध तत्त्व हे आईच्या खाण्यात नसेल तर दुधातही कमीच येतं.

यातला बी१२ मला सगळ्यात काळजीचा वाटतो. ते वनस्पतींमध्ये नसतंच, दूध, दही, अंडी, मासे, मांस यातच असतं. आई पूर्ण शाकाहारी असेल, दूधही फारसं घेत नसेल तर बाळ सहा-आठ महिन्यांचं होईपर्यंत छान गुटगुटीत दिसतं आणि मग हळूहळू मलूल होतं, हसणं कमी होतं, मान धरत होतं ते सोडून देतं, कधीकधी हातपाय थरथरतात. लवकर लक्षात आलं तर उपचार आहेत, उशीर झाला तर काही नुकसान भरून निघत नाही. म्हणून शाकाहारी आईने गरोदरपणातच बी१२ तपासून घ्यावं आणि गोळी चालू ठेवावी. साधी गोळी आहे.

आयोडीनसाठी आईच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठ. मासे खात असाल तर आठवड्यातून एकदोनदा खा, छोटे तेलकट मासे बरे, खूप मोठ्या शिकारी माशांमध्ये पारा जास्त असतो.

आणि आईचं मन. डिलिव्हरीनंतर दोन आठवड्यांहून जास्त दिवस सतत उदास वाटतंय, बाळाकडे बघून काहीच वाटत नाही, रडू थांबत नाही, तर तो आळस किंवा नाटक नाही, तो आजार आहे आणि बरा होतो. डॉक्टरांना सांगा. याचा मेंदूशी काय संबंध ते पायरी ६ मध्ये कळेल.

पायरी ३: डब्याचं दूध द्यावं लागलं तर

तर द्या आणि स्वतःला खात बसू नका. अंगावरच्या दुधाने बुद्धी वाढते यावर बेलारूसमध्ये १९९६-९७ ला जन्मलेल्या सुमारे १७,००० बाळांवर मोठा अभ्यास झालाय. ज्या हॉस्पिटलांत आयांना स्तनपानासाठी जास्त मदत मिळाली तिथली मुलं साडेसहा वर्षांची असताना भाषेच्या बुद्धिमापनात सरासरी साडेसात गुणांनी पुढे होती. पण तीच मुलं १६ वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा फरक जवळजवळ विरला होता, भाषेत थोडासा उरला होता. म्हणजे फायदा आहे, जंतुसंसर्ग कमी होतात हा तर पक्का फायदा आहे, पण डब्यावर वाढलेलं बाळ मागे पडलं असं काही नाही.

नियम मात्र कडक पाळा. आधी हात साबणाने, बाटली उकळलेली. पाणी उकळून साधारण अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ७० अंशांच्या खाली जायच्या आधी पावडर मिसळायची, कारण पावडर निर्जंतुक नसते आणि गरम पाण्यानेच त्यातले जंतू मरतात, मग बाटली नळाखाली धरून गार करायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचं. आधी मोजून पाणी, मग चमचा सपाट करून पावडर. डबा पुरवायचा म्हणून पाणी वाढवणं हे सगळ्यात वाईट, त्याने पोषण तर कमी होतंच पण रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. बनवलेलं दूध दोन तासांत संपवा, उष्टं राहिलेलं फेकून द्या.

अंगावरचं काढून ठेवलेलं दूध खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस, डीप फ्रीजरमध्ये ६ महिने चांगलं राहतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, मध्येच चटका बसेल इतकं तापतं. कोमट पाण्याच्या वाटीत ठेवा.

डीएचए घातलेलं महागडं दूध घ्यायचं का? पूर्ण दिवसांच्या बाळांमध्ये त्याने बुद्धी वाढते असं अभ्यासांमध्ये सातत्याने दिसलेलं नाही. साधं, प्रमाणित डब्याचं दूध पुरतं. एक वर्षानंतरच्या 'वाढीच्या दुधा'ची तर गरजच नाही.

पायरी ४: सहावा महिना, वरचं खाणं

सहा महिने पूर्ण झाले की सुरू. आधार दिला की बसतंय, मान स्थिर आहे, चमचा तोंडाजवळ नेला की जिभेने बाहेर ढकलत नाही, तुमच्या ताटाकडे टक लावून बघतंय, झालं, तयार आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय कसं धरायचं ते डॉक्टरांना विचारा.

प्रमाण साधारण असं:

- ६ ते ८ महिने: दिवसातून २-३ वेळा, सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, हळूहळू अर्धी वाटी. वाटी म्हणजे इथे २५० मिलीची.
- ९ ते ११ महिने: ३-४ वेळा, प्रत्येक वेळी अर्धी वाटी, मध्ये भूक दिसली तर एखादा खाऊ.
- १ ते २ वर्षं: ३-४ वेळा, पाऊण ते एक वाटी, आणि एकदोन वेळा मधलं खाणं.

अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही. वरचं खाणं दुधाच्या जागी नसतं, दुधाच्या जोडीला असतं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक: पातळ. डाळीचं वरचं पाणी, भाताची पेज, भाजीचं सूप. बाळाला पचेल म्हणून प्रेमाने देतात पण बघा, आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी २४० मिली च्या आसपास मावतं. ते पाण्याने भरलं की पोट फुल्ल आणि मेंदूला उपाशी ठेवलं. चमचा तिरका केला तर अन्न पटकन ओघळून जाऊ नये, एवढं घट्ट हवं. डाळीचं पाणी नको, शिजलेली डाळच कुस्करून द्या. वर एक छोटा चमचा तेल किंवा तूप, तेवढ्याने साधारण ४०-४५ कॅलरी वाढतात आणि पोटात जागा लागत नाही.

नवीन पदार्थ एकेक करून, पण आठवडाभर एकच पदार्थ असं ताणू नका. ताटात विविधता हवी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ खाण्याचे ८ गट करतात: अंगावरचं दूध, धान्य आणि कंद, डाळी-कडधान्यं-दाणे-बिया, दूध-दही, मांस-मासे, अंडी, केशरी फळं-भाज्या आणि गडद हिरव्या पालेभाज्या, आणि बाकीची फळं-भाज्या. दिवसभरात यातले किमान ५ झाले पाहिजेत. मी फ्रीजवर हे आठ शब्द लिहून ठेवले होते आणि रात्री मनातल्या मनात मोजायचे, बहुतेक दिवशी चार व्हायचे, मग दुसऱ्या दिवशी अंडं.

तोंड वेडंवाकडं केलं म्हणजे आवडलं नाही असं नाही. नवी चव पटायला आठ-दहा वेळा समोर यावी लागते, कधी जास्त. तीनदा थुंकलं म्हणून भोपळा कायमचा बंद करू नका, दोन दिवस सोडून परत एक चमचा.

पहिल्या वर्षात काय नको: मध अजिबात नको, चाटवायलाही नको, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे लहान बाळांना बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. वरून मीठ नको. साखर दोन वर्षांपर्यंत नको. ज्यूस, चहा, बिस्किटं नकोत. प्यायचं मुख्य दूध म्हणून गाईचं दूध एक वर्षाआधी शक्यतो नको, त्यात लोह फार कमी आणि काही बाळांच्या आतड्यातून त्याने बारीक रक्तस्राव होतो. दही किंवा स्वयंपाकात थोडं दूध चालतं.

पायरी ५: लोह, इथे जरा थांबा

अंगावरच्या दुधात लोह एका लिटरला एक मिलिग्रॅमपेक्षाही खूप कमी असतं. ते उत्तम शोषलं जातं आणि पहिले सहा महिने जन्मतःची शिल्लक असते म्हणून भागतं. सहाव्या महिन्याच्या आसपास शिल्लक संपते. ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला रोज ११ मिलिग्रॅम लोह लागतं असं अमेरिकेत धरतात, आणि त्याच तक्त्यात मोठ्या पुरुषाला ८. म्हणजे अर्ध्या वाटीत जेवणाऱ्या माणसाला बापापेक्षा जास्त लोह हवं! आणि आपण त्याला देतो काय, तर भाताची पेज आणि सफरचंद.

आणि हे नंतर भरून काढू असं चालत नाही. कोस्टारिकामध्ये बेट्सी लोझोफ यांनी लोह कमी असलेल्या बाळांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. उपचाराने रक्त सुधारलं होतं, तरी ज्यांच्यात कमतरता जास्त आणि जुनी होती ती मुलं शाळेच्या वयात आणि पुढे किशोरवयातही चाचण्यांमध्ये मागेच राहिली. रक्त भरून निघतं, पण मेंदूची ती वेळ निघून गेलेली असते.

काय करायचं:

वरचं खाणं सुरू केल्याच्या पहिल्या महिन्यापासूनच लोहवाले पदार्थ. मांसाहार चालत असेल तर चिकन, मटण, मासे अगदी मऊ शिजवून बारीक करून द्या, त्यातलं लोह शरीर सहज घेतं. आधी भाज्या, मांस वर्षानंतर, असा काही नियम नाही, सहा महिन्यांपासूनच चालतं. लिव्हरमध्ये लोह भरपूर पण व्हिटॅमिन ए पण फार, म्हणून आठवड्यातून एकदाच आणि थोडं.

शाकाहारी असाल तर डाळी, कडधान्यं, हिरव्या भाज्या, तिळासारख्या बिया वाटून. यातलं लोह कमी शोषलं जातं, पण सोबत लिंबू, संत्रं, टोमॅटो, पेरू असं काही आंबट किंवा व्हिटॅमिन सी वालं दिलं की शोषण बरंच वाढतं. कडधान्यं भिजवून मोड आणली तर अजून बरं. अंडं जरूर द्या, कोलीनसाठी (मेंदूला लागणारं एक पोषक तत्त्व) आणि प्रोटीनसाठी तर नक्कीच, पण एका अंड्यात लोह साधारण एकच मिलिग्रॅम असतं, त्याच्या भरवशावर राहू नका.

आता प्रामाणिकपणे हिशोब करून बघा, एवढुशा पोटात नुसत्या जेवणातून ११ मिलिग्रॅम बसवणं अवघडच आहे. म्हणून आयर्न ड्रॉप्सबद्दल डॉक्टरांना तुम्हीच विचारा, ते सांगतील याची वाट बघू नका. जिथे लहान मुलांमध्ये ॲनिमिया ४० टक्के किंवा जास्त आहे तिथे ६ ते २३ महिन्यांच्या बाळांना वर्षातून सलग तीन महिने रोज लोह द्यावं अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. कमी वजनाच्या आणि वेळेआधीच्या बाळांना तर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच सुरू करतात. ड्रॉप्सने शी काळी होते, घाबरू नका. डोस मात्र मनाने वाढवायचा नाही आणि बाटली कुलपात, कारण लोहाच्या जास्त डोसने लहान मुलं दगावतात.

मध्येच: गाठी, दाणे आणि ठसका

मिक्सर आठव्या-नवव्या महिन्यात बंद करा. मऊ गाठी असलेलं अन्न नऊ-दहा महिन्यांपर्यंत सुरू झालं नाही तर ती मुलं पुढे खाण्याचे जास्त नखरे करतात असं दिसलंय. आठव्या महिन्याच्या सुमारास हातात धरता येईल असं मऊ काहीतरी द्या, उकडलेल्या गाजराची काडी, केळ्याचा तुकडा, बोटांनी दाबला की चेपला पाहिजे. घाण होणार, फरशी पुसावी लागणार. इलाज नाही.

अंडं आणि शेंगदाणा उशिरा द्यायची पद्धत आता उलटी झालीय. २०१५ मध्ये आलेल्या लीप नावाच्या अभ्यासात ॲलर्जीचा धोका असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना पहिल्या वर्षापासून शेंगदाणा दिला, पाच वर्षांची झाल्यावर त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. म्हणून वाटून, पातळ करून लवकरच द्या. बाळाला खूप एक्झिमा (कातडीवर खाजरे, कोरडे चट्टे) असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. अख्खे दाणे मात्र पाच वर्षांपर्यंत नाहीत, अख्खी द्राक्षं नाहीत, उभी चिरून द्या.

बाळ 'ऑक' करतं, तोंड लाल होतं, आवाज येतो, तो उमासा आहे, थांबा, ते स्वतः सांभाळतं. आवाजच बंद झाला, खोकता येत नाही, ओठ निळे पडले, हे गुदमरणं. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी ५ वेळा दाब, आणि कोणालातरी ॲम्ब्युलन्सला फोन करायला सांगा. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका. हे एकदा कोणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या.

पायरी ६: चमचा भरा, पण चेहरा दाखवा

माझी चूक इथे झाली. बाळ खात नव्हतं, मी फोनवर गाणी लावून चमचे आत ढकलायचे, वाटी संपायची आणि मला पदक मिळाल्यासारखं वाटायचं. दोन महिन्यांनी लक्षात आलं की ते माझ्याकडे बघतच नाही, तोंड उघडतं ते पण यंत्रासारखं.

नवजात बाळाला २०-३० सेंटिमीटरवरचं सगळ्यात नीट दिसतं, पाजताना आपला चेहरा बरोबर तेवढ्याच अंतरावर असतो. दिवसातून आठ-दहा वेळा हे घडतं. बाळ बघतं, आपण बघतो, ते 'अं' करतं, आपण 'काय गं, काय झालं' म्हणतो, ते थांबून ऐकतं आणि परत 'अं'. या देवाणघेवाणीतून वर सांगितलेल्या जोडण्या पक्क्या होतात. १९७० च्या दशकात एड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला, आईने बाळाशी खेळता खेळता अचानक चेहरा निर्विकार करायचा, बस, दोन-तीन मिनिटं. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडतं, आणि शेवटी मान फिरवून रडायला लागतं. आईच्या उदासीवर उपचार करा असं वर म्हटलं ते यासाठी. फोनमध्ये बघत पाजतानाचा आपला चेहरा कसा असतो ते एकदा आरशात बघा. सगळ्या फीड्सना शक्य नाही, रात्री तीनला तर अजिबात नाही, पण दिवसातले तीन-चार तरी.

जमैकामध्ये किंग्स्टनला सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी ९ ते २४ महिन्यांची खुरटलेली १२९ मुलं घेतली, त्यांचा निकाल १९९१ मध्ये आला. काहींना दर आठवड्याला दुधाची पावडर, काहींच्या घरी आठवड्यातून एक तास आरोग्यसेविका जाऊन आईला बाळाशी खेळायला-बोलायला शिकवायची, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. दोन वर्षांनी दोन्ही मिळालेली मुलं सगळ्यात पुढे होती. आणि वीस वर्षांनी बघितलं तर नुसत्या पावडरचा फायदा टिकला नव्हता, खेळ-बोलणं मिळालेल्यांची कमाई मात्र इतरांपेक्षा २५ टक्के जास्त होती. यातून खाणं बिनमहत्त्वाचं असा अर्थ काढू नका हं, ग्वाटेमालात १९६९ ते ७७ दरम्यान काही खेड्यांत लहान मुलांना प्रोटीनवालं पेय दिलं, काहींत नुसतं गोड पेय, तर जी मुलं पहिल्या दोन वर्षांत प्रोटीनवाल्यावर होती त्यातले मुलगे मोठे झाल्यावर तासाला ४६ टक्के जास्त कमवत होते. दोन्ही लागतं.

मग करायचं कसं? समोरासमोर बसवा. टीव्ही, फोन बंद, एक वर्षाच्या आत तर स्क्रीन नकोच. चमचा दाखवा, थांबा, ते तोंड उघडेल तेव्हाच आत. तोवर बोला, 'हे बघ, गाजर, केशरी केशरी', उत्तर मिळाल्यासारखं थांबा, परत बोला, आपल्याला वेड लागल्यासारखं वाटतं पण चालतं. मान फिरवली, ओठ मिटले, चमचा ढकलला म्हणजे बस. नाक दाबून, जबरदस्तीने, विमान आणून शेवटचे चार घास नाही. काय, कधी, कुठे द्यायचं हे आपलं काम, किती खायचं हे बाळाचं. बाटलीने पाजताना पण हेच, बाटली उशीला टेकवून निघून जायचं नाही, मांडीवर घ्यायचं, मध्ये थांबायचं, आणि हे बाबांनी, आजीने कोणीही केलं तरी तेवढंच कामाचं.

पायरी ७: वर्षानंतर

वर्षानंतर वाढ मंदावते म्हणून भूकही कमी होते, आणि नेमकं तेव्हाच आपण घाबरून दूध वाढवतो. दिवसाला अर्धा लिटरच्या वर दूध नको. लिटरभर दूध पिणारं गोबरं बाळ जेवत नाही आणि आतून लोह घसरलेलं असतं, डॉक्टरांकडे असं बाळ रोज येतं. दूध बाटलीतून नाही, कपातून, जेवणानंतर.

आजारपणात थोडं थोडं, वारंवार, अंगावरचं दूध जास्त वेळा. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा.

डॉक्टरांकडे लवकर जा जर: दोन-तीन महिन्यांत तुमच्याकडे बघून हसत नाही, चार महिन्यांत मान धरत नाही, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, वर्षापर्यंत 'बाबाबा-दादादा' नाही, वाढीच्या तक्त्यावर वजनाची किंवा डोक्याच्या घेराची रेघ वर न चढता आडवी चाललीय. आणि येत असलेली एखादी गोष्ट बाळाने सोडून दिली तर त्याच आठवड्यात, 'होईल हळूहळू' म्हणून थांबू नका. माती, खडू, बर्फ असं काही खायची ओढ दिसली तर लोह तपासून घ्या.

बाकी जेवणाला वीस-तीस मिनिटं खूप झाली. नाही खाल्लं तर वाटी उचला, तोंड पुसा, खाली सोडा, पुढच्या जेवणाला परत बसवा. मधल्या वेळात कीव येऊन बिस्किट द्यायचं नाही, एवढं फक्त आजोबांना कोणीतरी समजावा.